उचलता पठाण

नवी नवरी होऊन खाडीकाठी आले, त्याच्या दुसऱ्याच सकाळी सासरे ओरडत आले, "अरे धावा, पठाण रुतला चिखलात!"

मी पनवेल शहरातली. कुणीतरी माणूस बुडतोय असं समजून पदर खोचला, दोरी उचलली आणि काठाकडे पळाले. जाळी विणत बसलेल्या बायका पोट धरून हसल्या. पठाण म्हणजे होडीच्या तळाचा कणा, हे मला कोण सांगणार? तेव्हापासून सासूबाई, कृष्णाबाई, चारचौघांत माझी ओळख करून देतात ती अशी, "ही आमची भावना. पठाणाला वाचवाया गेली ती."

सासूबाईंना मी आई म्हणते. आईंचा गळा गोड. आमच्या लग्नांत धवले गातात त्या धवलारणींमध्ये त्या पहिल्या. त्या स्वतः नवरी होऊन आल्या शिडाच्या होडीतून, जासईकडच्या माहेराहून. पुढे इंजिनं आली, शिडं फाडून लोकांनी झाकणं केली. आता भावाच्या, बळीराममामांच्या नातीची, अंकिताची हळद पुढच्या वैशाखात ठरली, आणि आईंनी हट्ट धरला.

"येकदा शिडानं माहेरी न्या. पन चिखलात उतरनार नाय. गुडघे नाय ऱ्हायले."

तिथंच अडत होतं. शिडाच्या होडीला खोल पठाण नसला तर वारा तिला आडवी ढकलतो. आणि खोल पठाण असला तर मामांच्या दारचा उथळ चिखल तिला लांबच थांबवतो.

बाबा, म्हणजे सासरे काशिराम, जातिवंत होडी बांधणारे. त्यांनी नव्या होडीच्या पोटात उभी पेटी केली आणि तिच्यात वर-खाली सरकणारी सागाची फळी बसवली, हाच उचलता पठाण. बुडाशी वजन, माथ्याला तार, तार कप्पीवरून. खोल पाण्यात सोडायची, उथळात ओढून घ्यायची. पावसाळाभर होडी खाडीत होती. दिवाळीआधी चाचणीला निघालो तर तार गंजून कप्पीत अडकलेली. फळी खाली, पाणी ओसरलेलं, आणि आम्ही तिघं भर चिखलात भरतीची वाट बघत सहा तास.

"हळदीला असंच बसवनार काय मना?" आई म्हणाल्या. हसत म्हणाल्या, पण डोळे माहेराच्या दिशेला होते.

मी कळंबोलीच्या लोखंड बाजारात एका पेढीवर कामाला. तिथून तुकडे आणले. जस्त चढवलेली तार, साधं स्टेनलेस, तीनशे सोळा नंबरचं स्टेनलेस, ॲल्युमिनियमच्या दोन कप्प्या.

"तीनशे सोळा? बसचा नंबर हाय काय?" बाबांनी विचारलं.

"समुद्रासाठीचं असतं, बाबा."

"दुकानदाराचं तोंड गोड. खरं काय ते मीठ सांगंल."

आणि ते तुकडे, सोबत दोरांचे नमुने आणि एक पांढरी प्लास्टिकची कप्पी, सगळं बळीराममामांच्या मिठागरात गेलं. दिवाळी ते शिमगा, कडक खारट पाण्यात.

शिमग्याला मामांनी बाहेर काढलं आणि बाबांचा चेहरा उतरला. जस्ताची तार लाल. साध्या स्टेनलेसवर तांबूस ठिपके. चकचकीत राहिलं ते फक्त तीनशे सोळा. बाबांना सगळ्यात आवडलेली हलकी ॲल्युमिनियमची कप्पी तर पांढरा भुगा होऊन हातात आली.

"मिठानं मीठच केलं की हिचं," बाबा पुटपुटले.

आईंनी मात्र वाकून तळातली दुसरी ॲल्युमिनियमची कप्पी उचलली. जराशी काळवंडलेली, पण धड. "ही कशी वाचली रं, दादा?"

"ती माळंतून निसटली व्हती."

"कसली माळ?"

"तांब्याच्या तारेत ओवलं मी समदं," मामा अभिमानानं म्हणाले. "मोगऱ्यासारकं!"

आईंनी कपाळावर हात मारला. "अरे, जावा-जावा वेगळ्या चुलीवर बऱ्या असतात. तू समद्यांना येकाच घरात कोंडलंस, वर तांब्याची सासू बसवलीस!"

तिथंच निवड झाली. खाऱ्या पाण्यात दोन जातींचे धातू एकमेकांना चिकटवायचे नाहीत, एक दुसऱ्याला खातो. खिळा, पट्टी, आस, सगळं एकाच घरचं, तीनशे सोळा. कप्पी प्लास्टिकची. तारेऐवजी पॉलिएस्टरचा दोर, कारण नायलॉन भिजलं की ताणलं जातं, हे बाबा जाळ्यांवरून जाणून होते. आणि फळी फुगली तरी हलावी म्हणून पेटीत बोटभर जागा, हात न आवळता बांगडी फिरते तशी.

हळदीच्या दिवशी शीड भरलं. आई होडीच्या पुढच्या टोकाला, नाळीवर, हिरव्या लुगड्यात. माहेर दिसू लागलं तेव्हा ओहोटी लागली होती. बाबांनी दोराला हात घातला.

"थांबा," आई म्हणाल्या. "मी."

आईंनी सूर लावला, ठेक्यागणिक एकेक हात दोर खेचत.

*शिडामंदी भरला गो वारा म्हायेरचा,*
*उचल पठाण नाखवा, पानी उथल दारचा.*

कप्पी कुरकुरली नाही. फळी वर आली, धवल्याच्या चालीवर, आणि होडी पाण्याच्या पातळ पदरावरून घसरत थेट मामांच्या दारच्या पायरीला लागली. आईंनी कोरडं पाऊल ठेवलं. अंकिता धावत येऊन गळ्यात पडली.

आणि बळीराममामा? ते बहिणीला उचलून आणायला डोक्यावर प्लास्टिकची खुर्ची घेऊन आधीच खाडीत उतरले होते. मागे बघते तो मामा मांडीपर्यंत चिखलात, खुर्ची डोक्यावर, पाय निघेना.

मी पदर खोचला, उरलेला दोर उचलला आणि सगळ्या हळदीला ऐकू जाईल असं ओरडले,

"अरे धावा, पठाण रुतला चिखलात!"