साडूचं अ‍ॅव्हरेज

साडू हे नातं कुणी काढलं कोण जाणे, पण ज्याने काढलं त्याला स्वतःला साडू नसणार. भावाशी भांडता येतं, मेहुण्याला दबकावता येतं, शेजाऱ्याकडे पाठ फिरवता येते. साडूचं काय करायचं? दोघी बहिणी एका घरात वाढलेल्या. एकीकडे काय शिजलं ते दुसरीला संध्याकाळपर्यंत कळतं, आणि तुम्हाला जन्मभर त्याच्या शेजारी उभं करून मोजलं जातं.

धुळ्याच्या चुडामणचं तसंच झालं होतं. त्याची बायको सुंदरबाई थोरली, हिलालची बायको ताईबाई धाकटी. दोघे साडू ट्रक चालवायचे. गाड्या स्वतःच्या, पण दोन्ही जुनाट, तीन-चार मालक बघून आलेल्या. चुडामणला स्टिअरिंगवर बावीस वर्षं झालेली, हिलालला जेमतेम बारा. तरी मुंबई-आग्रा रोडच्या टपऱ्यांवर नाव कुणाचं? हिलालचं. का, तर त्याच्या गाडीचं अ‍ॅव्हरेज. लिटरला चार किलोमीटर, कधी थोडं वरच. बाकीच्यांच्या गाड्या साडेतीनलाच धापा टाकायच्या, आणि बाकीच्यांत चुडामणही आला.

नरडाण्याला सासरे लोटन आबांकडे आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, दोन्ही जावई जेवायला बसले, की खापरावरची पुरणपोळी आधी कुणाच्या ताटात पडते हे चुडामण डोळ्याच्या कोपऱ्यातून बघायचा. यंदा ती हिलालच्या ताटात पडली. वर आबा म्हणाले, "हिलालराव डिझेल जाळत नही, गाडीले नुसता वास दखाडतस!" सगळे खदखदून हसले. चुडामणही हसला, पण रसाची वाटी त्याने बाजूला सारली.

परत येताना सुंदरबाई म्हणाली, "तुमना पोटमा काबर दुखस? तो बी आपलाच शे ना?"

"कोन म्हनस दुखस?" तो खेकसला.

दुखत होतं. चांगलंच दुखत होतं. बावीस वर्षं आपण रस्ता घासला आणि हा कालचा माणूस येऊन नाव घेऊन गेला, हे त्याला घास गिळताना आठवायचं, गिअर टाकताना आठवायचं.

त्या वर्षी आखातातल्या लढाईपायी पंपांवर डिझेलला रांगा लागल्या होत्या. दिवाळी झाली आणि दिल्लीची एक समिती धुळ्यात आली. सरकारच्या मनात असं होतं, की ट्रकने लिटरला निदान सव्वाचार किलोमीटर द्यायलाच हवेत. जी गाडी देणार नाही तिचं परमिट पुढे वाढणार नाही. नियम पक्का व्हायचा होता, म्हणून समितीचे साहेब गावोगाव फिरून लोकांचं म्हणणं ऐकत होते. धुळ्यात अशा जुन्या गाड्या तीनशे. चुडामणची आणि हिलालची त्यातलीच.

ट्रकमालक संघाच्या हॉलमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. साहेब मूळचे नागपूरचे, शांत माणूस, समोर वही उघडून बसलेले. संघाचे अध्यक्ष रतिलालभाई उठले.

"साहेब, नियम जरूर करा. पण कारखान्याला करा. इंजिन बनवलं त्यांनी, आणि जाब आम्हाला विचारणार? आम्ही गाडी घेतो तेव्हा ती म्हातारी झालेली असते."

"आधी एरंडोलचा रस्ता बघा!" मागून कुणीतरी ओरडलं. "खड्ड्याखड्ड्याला पहिला गिअर टाकावा लागतो. कसलं सव्वाचार?"

"आणि व्यापारी नऊ टनांच्या गाडीत बारा टन कोंबतो, त्याला कोण नियम लावणार?"

साहेबांनी सगळ्यांचं ऐकून घेतलं, लिहूनही घेतलं. मग म्हणाले, "तुमचं निम्मं मला पटतं. पण कारखान्याला नियम केला तर नवी गाडी सुधारेल. तुमच्या जुन्या गाड्या अजून पंधरा वर्षं बाहेरून आणलेलं तेल पीत राहणार, त्यांचं काय करू? आणि सगळा दोष गाडीचा नसतो, हाताचाही असतो. याच शहरात एक माणूस जुन्या गाडीतून चार काढतो असं मी ऐकलंय."

सगळ्यांनी वळून हिलालकडे पाहिलं. हिलालने मान खाली घातली. दिल्लीपर्यंत नाव गेलं याचं, चुडामणच्या मनात आलं, आणि त्याला त्या गर्दीत एकदम उकडायला लागलं.

शेवटी ठरलं असं, की चाचणी घ्यायची. दोन जुन्या गाड्या, दोन्हींत सारख्या वजनाच्या कापसाच्या गाठी, धुळे ते जळगाव आणि परत. निघताना टाकी गळ्यापर्यंत भरून तोंडाला सील ठोकायचं. आल्यावर मापाच्या डब्याने पुन्हा तेवढीच भरायची. जेवढं मावेल तेवढं जळलं. प्रत्येक केबिनमध्ये समितीचा एक कारकून बसणार. जुन्या गाड्यांना सव्वाचार झेपत नाही असं दिसलं, तर त्यांना नियमातून सूट द्या असं आपण लिहू, साहेबांनी शब्द दिला.

गाड्या कुणाच्या, हे संघानेच कळवायचं होतं. रतिलालभाईंनी तिथेच कागद लिहून वाचून दाखवला. कुशल चालक म्हणून हिलाल. सर्वसाधारण चालक म्हणून चुडामण.

सर्वसाधारण! चारशे माणसांसमोर! चुडामणच्या कानांतून वाफ निघाली. रतिलालभाईंच्या मनात काही नव्हतं हो, त्यांनी सुचेल ते लिहिलं. पण शब्द लागायचा त्याला लागला.

साहेब गेल्यावर रतिलालभाईंनी दोघांना बाजूला घेतलं. "हे बघा, खोटं काही करायचं नाही. रोज चालवता तशी चालवा, कसरत दाखवू नका. तीनशे घरं तुमच्या दोघांच्या पायाखाली आहेत, एवढं लक्षात ठेवा."

"हो भाई," हिलाल म्हणाला. चुडामणने नुसती मान हलवली.

तिथून तो थेट भिकन मेकॅनिकच्या गॅरेजवर गेला. भिकनला म्हणाला, नोझल काढून साफ कर, एअर फिल्टर नवा टाक, चाकांत हवा टणक भर. भिकन चक्रावला. "चुडामणभाऊ, एवढे लाड कशाला? उद्या तर गाडी कमी पळाली तरच बरं ना आपल्याला?" "तुला सांगितलं तेवढं कर," चुडामण म्हणाला. मनाशी त्याने एक समजूत करून घेतली होती. हिलाल रोज चार काढतो, साहेबांपुढे जोर लावून सव्वाचारही काढणारच. त्याने सव्वाचार काढले म्हणजे नियम तसाही बसलाच. मग आपण का साधारण राहायचं?

सकाळी सात वाजता दोन्ही गाड्या निघाल्या. हिलालची पुढे, चुडामणची मागे. पारोळ्याला चहाला थांबले तेव्हा कारकून जरा लांब उभे होते. हिलाल ग्लास घेऊन जवळ आला आणि हळूच म्हणाला, "भाऊ, आज पाय जरा मोकळाच ठेवा, जळू दे डिझेल. मीही ठेवलाय. आज नाव कमवायचा दिवस नाही."

चुडामणने त्याच्या तोंडाकडे निरखून पाहिलं. वा रे वा! मला पाय मोकळा ठेवायला सांगतो आणि स्वतः सव्वाचार काढून साहेबाच्या हातून हार घेणार. उद्या सासऱ्याकडे सांगणार, भाऊंनी तर तीनच काढले. किती गोड बोलतो बघा.

"ठेवतो ना," चुडामण म्हणाला. ग्लास खाली ठेवून गाडीत चढला.

आणि मग त्याने गाडी अशी चालवली, की बावीस वर्षांत कधी चालवली नव्हती. काटा पस्तिसाच्या वर जाऊ दिला नाही. अ‍ॅक्सिलरेटरवर पाय नुसता टेकवलेला, जसा झोपलेल्या लेकराच्या अंगावर हात ठेवावा तसा. पुढचा खड्डा लांबून हेरायचा, ब्रेक न मारता आधीपासूनच गाडी सैल सोडायची. उतार दिसला की न्यूट्रल, आणि एरंडोलच्या पुढच्या लांब उतारावर तर त्याने इंजिनच बंद केलं. कारकून घाबरला. "अहो, ब्रेकची हवा गेली तर?"

"तुम्ही गप बसा," चुडामण म्हणाला. त्याच्या पाठीवरून घाम ओघळत होता. मागून बसवाले हॉर्न मारत होते, बैलगाड्यासुद्धा जवळजवळ बरोबरीने चालल्या होत्या. त्याला कशाचं काही नव्हतं. त्याच्या डोळ्यांसमोर हिलालच्या गाडीचा पाठीमागचा फाळका होता, आणि तो तर कधीचाच नजरेआड झाला होता.

हिलाल दुपारी एकलाच परत पोचला. चुडामण आला तेव्हा साडेचार वाजत आले होते. पंपावर शे-दोनशे माणसं जमलेली. साहेब खुर्ची टाकून बसलेले. आधी हिलालच्या टाकीचं सील तोडलं. पंपवाल्याने मापाचा डबा ओतायला सुरुवात केली. चाळीस लिटर झाले. पंचेचाळीस. पन्नास. बावन्न लिटरला टाकी गळ्याशी आली.

एकशे ब्याऐंशी किलोमीटरला बावन्न लिटर. साडेतीन.

गर्दीतून हसण्याची लाट गेली. "काय हिलालभाऊ, आज वास संपला का?" कुणीतरी ओरडलं. हिलालही हसला, कान धरल्यासारखं केलं आणि बाजूला उभा राहिला. रतिलालभाईंनी मोठा श्वास सोडला.

चुडामणला मात्र स्वतःच्या कानांवर विश्वास बसेना. साडेतीन? म्हणजे पारोळ्याला हा खरं बोलत होता? पण ते कळायला आता उशीर झाला होता. त्याच्या टाकीचं सील तुटलं होतं आणि डबा उलटा झाला होता. तीस. पस्तीस. अडतीस लिटरला डिझेल तोंडातून सांडलं.

हिशोब झाला. पावणेपाचच्याही वर.

साहेब वहीतून वर बघून म्हणाले, "कमाल आहे. सर्वसाधारण चालक तुम्हीच ना?" मग रतिलालभाईंकडे वळले. "अध्यक्ष, साधारण चालक जुन्या गाडीतून पावणेपाच काढतो. मी सूट कुठल्या तोंडाने मागू?"

हिलाल पुढे झाला. हात जोडून म्हणाला, "साहेब, कागदावर चुकून लिहिलं गेलंय. हा माणूस साधारण नाही. या रोडवर यांच्यासारखा हात दुसरा नाही, मीही यांचं बघून शिकलो. यांच्यावरून बाकीच्यांना मोजू नका. पाहिजे तर यांनाच विचारा, गाडी रोज इतकं देते का."

अकरा वर्षं चुडामण हे ऐकायला तडफडला होता. हिलालच्या तोंडून, गावासमोर, मोठ्या साहेबासमोर! त्याला वाटलं, आबा इथं असायला हवे होते. छाती आपोआप वर आली.

"बोला चुडामण," साहेब म्हणाले. पेन वहीवर टेकलेलं. "ही गाडी रोज इतकं देते? की आज काही वेगळं केलंत? विचार करून सांगा. तुम्ही सांगाल तसं मी लिहीन."

आता एवढंच म्हणायचं होतं, की साहेब, काल नोझल साफ केली, चाकं टणक केली, उतारावर इंजिन बंद केलं, रोज माझी गाडी साडेतीनच देते. कारकून तर साक्षीला उभाच होता. एका वाक्याचं काम. भिकन डोळ्यांनी खुणावत होता. रतिलालभाईंनी मान किंचित आडवी हलवली. तीनशे घरांची माणसं श्वास धरून त्याच्या तोंडाकडे बघत होती.

पण रोज साडेतीन म्हटलं, की रोज चार काढणारा हिलालच मोठा राहतो. उद्यापासून पुन्हा तेच. पुन्हा टपऱ्यांवर तेच नाव, पुन्हा आखाजीला त्याच्याच ताटात आधी पोळी. चुडामणने हिलालकडे पाहिलं. हिलाल त्याच्याकडे इतक्या विश्वासाने बघत होता, की चुडामणला त्याचाही राग आला. स्वतः हरून उभा आहे आणि तरी चेहरा कसा साफ!

"देते साहेब," चुडामण म्हणाला. "रोज देते. कधी कधी पाचसुद्धा."

साहेबांनी लिहून घेतलं आणि वही मिटली.

कुणी त्याला शिव्या दिल्या नाहीत. तेच वाईट होतं. माणसं दोन-दोन, चार-चार करत पांगली आणि पलीकडे हिलालच्या गाडीपाशी जाऊन उभी राहिली. चुडामणच्या गाडीपाशी एकटा पंपवाला होता, तोही सांडलेलं डिझेल पुसत होता.

घरी पोचला तेव्हा दिवेलागण झाली होती. सुंदरबाई चुलीपुढे भाकरी थापत होती. गल्लीतून तिच्या कानावर सगळं आलंच होतं. तिने वर न बघता विचारलं, "पावनेपाच उनं म्हने?"

"उनं ना," तो म्हणाला. "हिलालनं साडेतीन."

तिने भाकरी तव्यावर टाकली, पाणी फिरवलं.

"मंग आपनी गाडी देस का रोज इतलं?"

"नही."

"मंग परमिटना टाइमले आपनी गाडी बी जाई ना?"

चुडामण पाटावर बसला. पाण्याचा तांब्या जवळ ओढला.

"जाई," तो म्हणाला. "पन त्यानी गाडी बी जाई."

सुंदरबाईने भाकरी उलटली. मग ताट घेऊन त्याच्यापुढे ठेवलं, आणि स्वतः न जेवताच उठून बहिणीच्या घरी गेली.