रुसकी

"हे ऐकून तुम्ही मला वेड्यात काढणार, लिहून देतो," असं बेकरीवाल्या म्हाताऱ्याने म्हटलं की गल्लीतली माणसं हातातलं काम टाकून ऐकायला उभी राहायची. आज मात्र समोर एकटी शिंपीणबाई होती, गळ्यातला टेपही न काढता आलेली. आणि आजची थाप नुसत्या करमणुकीची नव्हती.

झालं होतं असं. चार महिने पाव भाजल्यावर सुनेला आज पहिल्यांदा केक करायला मिळाला होता. अर्धा तास अंड्यातलं पांढरं घुसळून तिने मनगटं दुखवून घेतली, लिंबाची साल किसली, केक भट्टीत ठेवला आणि बजावलं, "बाबा, पाऊण तास दाराला कुणी हात लावायचा नाही." एवढं बोलून ती भांडी घासायला मागे गेली. चाळीस वर्षं भट्टीपाशी काढलेल्या माणसाचा हात, तो काय ऐकतोय! एवढीशी फट केली, एवढंसं डोकावलं. आतला केक फुस्सकन मधोमध खाली बसला.

सुनेने तो बाहेर काढला, पाहिला, आणि ॲप्रनची गाठ सोडली. "माझ्या हातात हे नाही, बाबा. उद्यापासून मी आपली जुन्या कामावर जाते." नेमकी तेव्हाच शिंपीणबाई केक न्यायला दारात.

म्हाताऱ्याने केकमधल्या खड्ड्याकडे पाहिलं, मग सुनेकडे. खरं बोलावं तर चाळीस वर्षांची अब्रू जाते, गप्प बसावं तर सून जाते. मग त्याने आपली नेहमीची वाट धरली.

"अहो, ही रुसकी!" तो म्हणाला. "लाखात एखादीला साधते."

"मी साधा केक सांगितला होता, काका. दोन वर्षांनी ताई घरी येतेय. आमचा अबोला ठाऊक आहे ना तुम्हाला?"

"म्हणूनच रुसली! ऐका. एका दीपगृहात दोघी बहिणी राहायच्या. थोरलीने भट्टीत गोड ठेवलं, धाकटी न विचारता डोकावली. गोड रुसून बसलं, पाठोपाठ थोरली रुसली. दोघींचं बघून समुद्र रुसला. तीन दिवस भरती नाही! मासे कंटाळले आणि जिना चढून विचारायला आले, बायांनो, मिटवताय का आम्ही दुसरीकडे बिऱ्हाड बघू?"

हसू दाबायला शिंपीणबाईने तोंडाला लावलेला पदर हलायला लागला. "मासे? जिना?"

"एकशे बारा पायऱ्या. म्हातारा मासा मध्ये दोनदा टेकला. शेवटी धाकटीने त्या खड्ड्यात गरम पाक ओतला आणि म्हणाली, चुकलं माझं. रुसकीने असा सुस्कारा सोडला की अडकलेली सगळी गलबतं एका फुंकरीत किनाऱ्याला लागली!"

"काय बाई तुमचं एकेक!" शिंपीणबाईने डोळे पुसले, हसून की कशाने, कोण जाणे. "द्या बांधून. पाकासकट. ताईला हीच गोष्ट सांगते."

"पण एक आहे हं," म्हातारा आता रंगात आला होता. "ज्याच्यामुळे रुसकी रुसली, पाक त्यानेच ओतायचा. भलत्याने ओतला तर कडू जहर!"

सुनेने गोड पावांसाठी करून ठेवलेल्या पाकाचं पातेलं उचललं. खालमानेने, सोडलेला ॲप्रन खांद्यावर टाकून ती केकवर वाकली. "चुकलं माझं," ती इतकं हळू म्हणाली की म्हाताऱ्याला राहवेना. त्याने झडप घालून तिच्या हातातलं पातेलं हिसकावलं.

"तू नको! कडू होईल!"

सून थबकली. तिने एकदा भट्टीच्या दाराकडे पाहिलं, एकदा सासऱ्याकडे, आणि कमरेवर हात ठेवले.

"बाबा! दार तुम्ही उघडलंत!"