गोर्दाची नेलिदा झाली तेव्हा

रोझारिओ शहरात बायकोला ‘गोर्दा’, म्हणजे जाडी, म्हणायला बायको जाडी असावी लागत नाही. नवऱ्याचा तिच्यावर जीव असला की पुरे. भाजीच्या दुकानात कुणी ‘गोर्दा’ म्हणून हाक मारली तर तीन-चार बायका वळून बघतात, आणि त्यांतल्या निम्म्या तरी सडपातळ असतात. नेलिदा तर लग्नाआधी निव्वळ पाप्याचं पितर होती. तेव्हा एल्विओ तिला ‘फ्लाका’, म्हणजे काटकुळी, म्हणायचा. लग्न झालं, संसार मांडला आणि काटकुळीची गोर्दा कधी झाली ते दोघांनाही कळलं नाही. वजन होतं तेवढंच होतं. पुढे ती खरोखरच भरली, आजी झाली, तरी हाक तीच राहिली.

मग या हिवाळ्यात तिच्या पोटाचं ऑपरेशन झालं. दुखणं गेलं, पण जाताना अंगावरचं मांसही घेऊन गेलं. ती घरी आली आणि एल्विओ तिला नेलिदा म्हणू लागला. नेलिदा, उशी देऊ का. नेलिदा, थोडं सूप घेतेस ना. त्या घरात हे नाव फक्त बँकेच्या कागदांवर आणि कडाक्याच्या भांडणात निघायचं. आता ते दिवसभर कानावर पडायला लागलं, तेही इतक्या हळू आवाजात, की तिच्या काळजात चर्र व्हायचं. डॉक्टर म्हणाले होते, बाई, तुम्ही बऱ्या झालात. पण नवऱ्याच्या लेखी आता आपण बायको नाही, पेशंट आहोत, त्याही कायमच्या, असं तिला वाटायला लागलं होतं.

रविवारी मुलगी मारिसा नवऱ्याला आणि पोरांना घेऊन जेवायला आली. एल्विओनं गच्चीतल्या शेगडीत सकाळीच निखारे केले होते. वर बरगड्या सावकाश भाजत होत्या. मांस भाजणाऱ्याच्या निखाऱ्यांना दुसऱ्यानं हात लावायचा नाही, हे तिथं पोरासोरांनाही ठाऊक असतं. एल्विओनं तर एकदा सख्ख्या मेहुण्याला यावरून गच्चीवरून खाली धाडलं होतं. नेलिदा टेबलावरून उठली, त्याच्याजवळ गेली आणि तिनं चिमटा उचलला.

“तुला भाजायचंय का?” एल्विओ बाजूला सरकला. “भाज की, नेलिदा. तुला हवं तसं कर.”



“मी मरायला टेकलेय का रे?” तिनं विचारलं.

“असं काय बोलतेस?”

“मग चिमटा का देतोस मला?”

एल्विओनं आवाज खाली आणला. “मारिसा म्हणाली, आईच्या अंगकाठीवरून आता चकार शब्द काढायचा नाही. मलाही वाटलं, ती हाक मारली आणि तुला लागलं तर? आरशात बघतेस ना तू रोज.”

“पहिल्यांदा गोर्दा म्हणालास, तेव्हा कशी होते मी?”

“काटकुळी होतीस.”

“मग?”

 खिशातला रुमाल काढून एल्विओ उगाच मान पुसायला लागला.

नेलिदानं आणखी वाट पाहिली नाही. तिनं चिमटा आत घातला आणि चांगले फुललेले निखारे बरगड्यांच्या बरोबर खाली ओढले. चरबी ठिबकून भडका उडाला आणि गच्चीभर धूर झाला.

“अगं गोर्दा, वाट लावलीस सगळ्याची,” एल्विओ ओरडला. “ठेव तो चिमटा. काही कळतं का तुला यातलं? जा, तिकडं बस जाऊन.”

 मारिसा खुर्ची सरकवून उठली. “बाबा, काय बोलताय हे? मी काय सांगितलं होतं तुम्हाला? आई, तू मनावर घेऊ नकोस.”

नेलिदानं चिमटा ठेवला. ती रडत होती आणि कितीतरी दिवसांनी तिला बरं वाटत होतं.

“तू मध्ये पडू नकोस,” ती मुलीला म्हणाली. “माझा नवरा माझ्याशी बोलतोय.”