लांबलेला पास

भूगोलाच्या बाई आणि त्यांचे धाकटे दीर शनिवारी दुपारी ब्रिजच्या टेबलावर समोरासमोर बसले की शेजारच्या टेबलावरची माणसं आधी आपल्या खुर्च्या जरा लांब सरकवायची. कारण इकडे पानं पिसायला घेतली की तिकडे यांचं भांडण जुंपलंच म्हणून समजा. शहराचा महापौर, बसचं भाडं, खणलेले रस्ते. महापौराला दम खायला सोडलं की फुटबॉल. बाई शाळेतून निवृत्त झालेल्या, आवाज अजून शेवटच्या बाकापर्यंत पोचणारा. दीर टायरच्या दुकानाचे मालक, स्वभावाने मऊ, पण महापौराचे कट्टर भक्त.

"भावजी, तुमच्या महापौराने आमची गल्ली पुन्हा खणलीय. काय हरवलंय त्याचं खाली?"

"पाइप टाकतोय, वहिनी. तुम्हाला नळाला पाणी नको का?"

"नळाला हवं. उंबऱ्यात नको."

"आता या वयात तुम्हाला खुश करायचं तरी कसं त्या माणसाने? एक बदाम."

"आपल्या संघाचा गोलकीपर बदलून दाखवा म्हणावं आधी. दोन इस्पिक."

आणि गंमत अशी, की एवढा तोंडाचा पट्टा चालू असताना दोघं खेळायची मात्र फर्मास. फर्निचरच्या दुकानावरच्या त्या लांबट खोलीत आठ टेबलं होती आणि या जोडीने पाणी पाजलं नाही असं एकही टेबल नव्हतं.

हे भांडण सुरू कसं झालं ते क्लबात फारसं कुणाला ठाऊक नव्हतं. बाईंचे यजमान गेले, तेव्हा क्लबातली त्यांची खुर्ची महिनोन्‌महिने रिकामी राहिली. बाई क्लबात येणं सोडाच, घरातही बोलेनाशा झाल्या. काही विचारलं तर "हो" किंवा "नाही", एवढंच. भावजी रोज संध्याकाळी दुकान बंद करून यायचे आणि मूग गिळून बसलेल्या वहिनीसमोर तसेच मूग गिळून बसायचे. एक दिवस त्यांनी सहज म्हटलं, की हा महापौर या शहराला मिळालेला सगळ्यात हुशार माणूस आहे. बाईंनी मान वर केली. "हुशार? तो?" आणि मग जे सुरू झालं ते जेवणाची वेळ टळून गेली तरी चालूच. त्या रात्री बाई पहिल्यांदा पोटभर जेवल्या. पुढच्या शनिवारी भावजी दादाच्या खुर्चीत येऊन बसले. तेव्हा त्यांची गुलाम मोठा की राणी मोठी इथपासून तयारी होती. शिकले बिचारे. महापौर त्यांना खरोखर आवडायचा की वहिनीला बोलतं ठेवण्यापुरता, हे आता त्यांचं त्यांनाही सांगता आलं नसतं.

असो. क्लबाला नवे अध्यक्ष आले. बाथरूमच्या फरश्यांचे मोठे व्यापारी. खेळाची आवड होती, नाही असं नाही, पण हरण्याची सवय नव्हती. त्यांचा भिडू म्हणजे कोपऱ्यावरचा औषधवाला, अबोल माणूस, उधारीवरच्या गिऱ्हाइकालाही नाही म्हणता न येणारा. वर्षाच्या करंडकासाठीच्या शेवटच्या फेरीत ही जोडी बाई आणि भावजींच्या समोर आली आणि सपशेल हरली. अध्यक्षांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. तिसऱ्या दिवशी त्यांनी सभा बोलावली.

"मला कुणाचं मन दुखवायचं नाही," अध्यक्ष म्हणाले. असं म्हणणारा माणूस पुढे काय करतो ते तुम्हाला माहीत आहेच. "पण ब्रिजमध्ये भिडूला आपली पानं फक्त बोलीतून सांगायची असतात. बोलीबाहेर एक शब्द नाही, एक खूण नाही. या दोघांचं भांडण म्हणजे खूण आहे. मी नीट ऐकलंय. बाईंनी बसचं भाडं काढलं की यांच्याकडे किलवर असतात. गोलकीपर म्हटलं की इस्पिक."

खोलीत कुणीतरी फिस्सकन हसलं. बाई हसल्या नाहीत. त्यांच्या अंगाचा तिळपापड झाला होता.

"मग चौकटला काय आहे हो अध्यक्ष? पाण्याचा नळ?"

"थट्टेचा विषय नाही बाई. एक तर दोघांनी सर्वांसमोर माफी मागावी, किंवा इथून पुढे एकमेकांचे भिडू होऊ नये. वेगवेगळ्या टेबलांवर बसावं."

वेगवेगळ्या टेबलांवर. बाईंनी समोर पाहिलं तर भावजी घाम पुसत होते.

क्लबाचे पंच म्हणजे बस कंपनीतले जुने तपासनीस. त्यांना नियम तोंडपाठ आणि भांडणाचा कंटाळा. त्यांनीच मधला मार्ग काढला. येत्या शनिवारी सगळ्या क्लबाने तोंड बंद ठेवून खेळायचं. बोलीखेरीज शब्द काढायचा नाही. यांची जोडी पहिल्या दोनात आली तर विषय संपला. नाही आली तर अध्यक्षांचं म्हणणं खरं. बाई तोंड उघडणार एवढ्यात भावजी "चालेल, चालेल" म्हणून मोकळे झाले.

जिना उतरताना बाईंनी त्यांना फैलावर घेतलं. "चालेल काय चालेल? आपण हरलो तर चोर, आणि जिंकलो तर काय, तर या खेपेला पकडले गेलो नाही. हा कुठला न्याय?"

"वहिनी, माफी मागून टाकू या का? दोन शब्द बोलायचे, मोकळं व्हायचं. मी पाठ करून ठेवतो. तुम्ही नुसत्या शेजारी उभ्या राहा."

"मी उभी राहणार नाही. तुम्हीही मागायची नाही. जे केलं नाही त्याची माफी मागितली तर ते केल्यासारखं होतं."

"पण वेगळं बसवलं तर?"

बाई रागारागाने झपझप पुढे निघाल्या.

शनिवार उजाडला. ती दुपार क्लबातल्या माणसांना नंतर बरेच दिवस नकोशी आठवत राहिली. आठ टेबलं, बत्तीस माणसं, आणि आवाज फक्त पानांचा. पंखा कुरकुरतो हे त्या दिवशी पहिल्यांदा कळलं. कॉफीचं यंत्र फुसफुसलं तरी माना वळत होत्या. एरवी निवडणूक आणि पेनल्टी यांवरून टेबलं गाजवणारी माणसं परीक्षेला बसल्यासारखी बसली होती.

बाई आणि भावजी बरं खेळत होते. फार बरं नाही, पण बरं. बाईंना मात्र काहीतरी विचित्र जाणवू लागलं होतं. एरवी भावजींच्या बडबडीकडे त्यांचं निम्मं लक्ष असायचं आणि महापौराला काय सुनवायचं यात उरलेलं निम्मं. आज ऐकायला काहीच नव्हतं. मग त्यांना भावजी दिसू लागले. चांगली पानं आली की डाव्या हाताने गुडघा चोळतात. एक्का असला की पान ठेवताना घाई करतात. अडचणीत आले की खालचा ओठ आत घेतात. इतकी वर्षं समोर बसून हे कधी दिसलं नव्हतं, आणि आता डोळे मिटल्याशिवाय टळत नव्हतं. बाई घाबरल्या. त्यांनी नजर आपल्या पानांत खुपसली आणि तिथेच ठेवली.

शेवटच्या डावाला अध्यक्ष आणि औषधवाला बाई-भावजींच्या टेबलावर येऊन बसले. पंच मागे उभे राहिले. तोवरच्या गुणांप्रमाणे हा डाव घेतला की दुसरा नंबर, नाही तर तिसरा. हे टेबलावरच्या चौघांनाही माहीत होतं.

बाईंच्या हातात लांबलचक इस्पिक आले. त्यांनी थेट "चार इस्पिक" म्हटलं, म्हणजे इस्पिक हुकूम धरून तेरातले दहा हात करून दाखवायची बोली. अध्यक्षांनी लगेच "पाच चौकट" म्हणून त्यांच्यावर चढाई केली. आता पाळी भावजींची.

भावजी विचारात पडले. ट्यूब पाण्यात बुडवून पंक्चर शोधतात तसे पानं खालीवर करत राहिले. ओठ आत. हात गुडघ्यावर. खाली पाहूनही बाईंना सगळं ऐकू येत होतं, कारण खोलीत दुसरं ऐकण्यासारखं काही नव्हतंच. एरवी या वेळात त्यांनी दोनदा महापौराचा उद्धार केला असता. किती वेळ गेला देव जाणे. शेवटी भावजी म्हणाले, "पास."

औषधवाला म्हणाला, "पास."

पाळी बाईंची. "पाच इस्पिक" हे शब्द त्यांच्या जिभेवर तयार होते. पण आता त्यांना जे कळलं होतं ते कळायला नको होतं. ज्याच्याकडे काही नसतं तो झटकन पास म्हणतो. भावजींनी इतका वेळ लावला म्हणजे त्यांच्याकडे इस्पिकचा राजा आहे आणि वर आणखी काहीतरी आहे. पाच इस्पिक होणार, शंभर टक्के होणार. आणि ब्रिजचा नियम असा, की भिडूच्या बोलीतून कळलं ते तुमचं, भिडूच्या रेंगाळण्यातून कळलं ते तुमचं नाही. त्याचा फायदा घ्यायचा नाही. दोन बोल्या सारख्याच शक्य असतील, तर रेंगाळण्याने सुचवलेली बोली सोडून द्यायची.

बोलल्या असत्या तर कुणी हटकलं असतं? कदाचित नसतंही. हातात एवढे इस्पिक असलेली बाई पाच म्हणाली यात नवल ते काय. खुर्ची वाचली असती, भिडू वाचला असता, अध्यक्षांचं तोंड बंद झालं असतं. बाईंनी भावजींकडे पाहिलं. भावजी डोळ्यांनी अक्षरशः गयावया करत होते.

"पास," बाई म्हणाल्या.

अध्यक्षांनी पाच चौकट नेमके जमवले. स्पर्धेच्या रीतीप्रमाणे तीच पानं बाकीच्या टेबलांवरही खेळली गेली होती, आणि तिथे एकूण एक जोडीने पाच इस्पिक बोलून डाव घेतला होता. पंचांनी बेरीज केली आणि घसा साफ केला. बाई आणि भावजी तिसरे.

"झालं," अध्यक्ष उठून उभे राहिले. "तोंड बंद केलं आणि जोडी कोसळली. हातात सात इस्पिक घेऊन बाईंना पाच बोलायचं सुचलं नाही. सुचणार कसं? गोलकीपर आला नव्हता ना."

दोन-चार जण हसले. बाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"सुचलं होतं," त्या म्हणाल्या, आणि आवाज शेवटच्या टेबलापर्यंत गेला. "भावजींकडे राजा आहे हेही कळलं होतं. त्यांनी पास म्हणायला इतका वेळ लावला, मला नाही कळणार तर कुणाला? आज दुपारभर मला त्यांची पानं कळतायत, अध्यक्ष. तुमच्या या शांततेमुळे कळतायत. आम्ही भांडतो तेव्हा यातलं काही दिसत नाही. कळलं, म्हणूनच पाच म्हटलं नाही. पंच, तुम्ही सांगा, नियम काय?"

पंचांनी मान डोलावली. "नियम बाई म्हणतात तोच आहे. पास म्हणणंच बरोबर होतं."

"म्हणजे कबूल करताय," अध्यक्ष म्हणाले, "की भिडूची पानं कळतात."

"कळतात. कबूल. इतकी वर्षं समोर बसलेल्या माणसाचं मन कळत नसेल तर बसायचं कशाला? कळण्याची माफी मी मागणार नाही."

आणि इथे भावजींचा बांध फुटला. पण ते अध्यक्षांवर नाही, वहिनीवर उखडले.

"कळलं होतं? राजा आहे हे कळलं होतं आणि तुम्ही पास म्हटलात? मी इथे जीव मुठीत धरून बसलोय. उद्यापासून मला तुमच्या समोर बसता येणार नाही म्हणून आठवडाभर झोप नाही मला. आणि तुम्ही पास?"

"तुम्ही झटकन पास म्हटलं असतंत तर मी पाच म्हटलं असतं. तुम्हीच पानांवर ध्यान लावून बसलात."

"विचार पण नाही करायचा का माणसाने?"

"करा की. पण गुडघा चोळत नका करू."

भावजींनी गुडघ्यावरचा हात उचलला, काय करावं न सुचून टेबलावर ठेवला. मग अध्यक्षांकडे वळले. गोरामोरा झालेला हा मऊ माणूस मागे मात्र सरकला नाही.

"मी माफी मागणार होतो," ते म्हणाले. "घरून पाठ करून आलो होतो. आता नाही मागत. ही बाई माझी भावजय आहे. माझ्यासमोर बसायला मिळावं म्हणूनसुद्धा तिने लबाडी केली नाही. मला दुसरा भिडू नको. तुम्हाला आम्हाला उठवायचं असेल तर खुर्च्यांसकट उठवा."

"मतदान घ्यावं लागेल," अध्यक्ष म्हणाले.

"घ्या," बाई म्हणाल्या. त्यांनी पानं गोळा केली आणि पिसायला लागल्या. "आमचा डाव होईपर्यंत मतं मोजून ठेवा."

त्यांनी पानांची जुडी टेबलाच्या मधोमध ठेवली. वाटण्याआधी ती समोरच्या जोडीतल्या कुणीतरी कापायची असते. अध्यक्ष हाताची घडी घालून उभे राहिले.

औषधवाल्याने आपल्या भिडूकडे एकदा पाहिलं. मग हात पुढे केला आणि पानं कापली.

"चौथा लागेल," पंच म्हणाले, आणि अध्यक्षांच्या खुर्चीत बसले.