जंबोची खेप

पाटोद्याचे कापडवाले विरुपाक्ष यंदा धोंड्याच्या महिन्यात सासरी जाणार नव्हते, कारण सासऱ्यांनी बोलावणं फोनवर उरकलं होतं. जावई म्हणजे काय गिऱ्हाईक हाय? ते घरीच रुसून बसले आणि कॉम्प्युटरवर विमान उडवू लागले.

विमानही साधं नाही, चारशे माणसांचं जंबो! ते लंडनला न्यायचं तर मधेच लाइट जायची आणि समुद्रावर सगळा कारभार आटपायचा. म्हणून विरुपाक्ष त्याला मुंबईहून औरंगाबादला न्यायचे. पुरतं वर चढलं न चढलं तोच उतरवायची वेळ यायची.

"एवढं धूड एवढ्याशा वाटंला कावून नेता?" बायको गंगासागर विचारायची.

"तुला न्हाई कळायचं."

शेवटी सासरे श्रीशैलअप्पा स्वतः एसटीनं आमंत्रण घेऊन आले. विरुपाक्षांचा रुसवा दारातच विरघळला. सासऱ्यांना शेजारी बसवून त्यांनी जंबो अलगद उतरवलं.

"ओळखलं का, मामा? तुमचंच औरंगाबाद! मी तर रोज येतो."

अप्पांच्या हातातली बशी थांबली. "रोज आमच्या गावात येता, अन् घरी पाय न ठेवता परस्पर माघारी जाता?"

चहा तसाच ठेवून ते निघून गेले. आता रुसायची पाळी त्यांची होती.

दुसऱ्या दिवशी त्यांची समजूत काढायला विरुपाक्ष बायकोसह औरंगाबादच्या एसटीत उभे होते. गाडीत पाय ठेवायला जागा नव्हती.

गंगासागर त्यांच्या कानाशी म्हणाली, "अहो, रोज चारशे सीटा रिकाम्या नेत होता न्हवं?"