बंद लिफाफ्यातलं नाव

मृगांक काव्यपुरस्काराचा निकाल लागला की जयसिंगरावांची समजूत काढायला जायचं, हे काम शुभदाताईंच्या मागं बारा वर्षं लागलं होतं. सत्तरीचे गुडघे घेऊन हेब्बाळहून येलहंक्याच्या रिक्षात चढायचं, उड्डाणपुलावर तासभर धूर खायचा आणि पोचल्यावर म्हणायचं, "मी तुमचंच नाव दिलं होतं हो, पण त्या परीक्षकांना काय कळतंय डोंबल!"

पुरस्काराची रीतच तशी. तो ज्याला एकदा मिळाला, त्यानं पुढं दरवर्षी एका कवीचं नाव बंद लिफाफ्यातून सुचवायचं. ताईंना मिळाला तेव्हा जयसिंगरावांनी घरी बोलावून पुरणपोळी जेवू घातली होती. निपाणीचा माणूस, या कानडी मुलखात रेल्वेची तिकिटं देता देता म्हातारा झालेला, मराठी ऐकायला आसुसलेला. कविता मात्र... जाऊ दे. अकरा वर्षं ताईंनी दुसरीच नावं लिहिली आणि अकरा वर्षं त्यांच्या तोंडावर खोटं सांगितलं.

आणि यंदा काय व्हावं? बायको गेल्यानंतरचं त्यांचं पुस्तक आलं. ताईंनी नाइलाजानं उघडलं आणि एका बैठकीत संपवलं. कुकर लावायचा राहिला, बीपीची गोळी राहिली. इतकी वर्षं कुठं दडवून ठेवलं होतं या माणसानं हे? लिफाफ्यात पहिल्यांदाच त्यांचं नाव गेलं. पुरस्कार मिळाला कोरमंगलातल्या कुण्या शलाकाला.

आज अंग नुसतं मोडून आलं होतं, तरी ताई निघाल्या. नेहमीचंच वाक्य आज खरं होतं, आणि ते जयसिंगरावांना पटायलाच हवं होतं.

"या अक्का," जयसिंगराव दारातच म्हणाले. "स्वल्प कॉफी घेणार?"

"कॉफी राहू दे. यंदा मी तुमचं नाव दिलं होतं."

"दरवर्षीच देता की."

"नव्हते देत!" ताईंचा आवाज फुटला. "अकरा वर्षं खोटं बोलले. एकदाही दिलं नाही. यंदा दिलं. फार मोठं पुस्तक झालंय हे, जयसिंगराव. माझ्यापेक्षा मोठं."

ते रागावले असते तर बरं झालं असतं. पण ते खुर्चीवर शांत बसले.

"ठाऊक होतं मला, अक्का. माझ्या कविता मीही वाचतोच की. पण तुम्ही एवढ्या लांबून यायचा, मराठीत चार शब्द बोलायचा. ते कशाला तोडू?"

"अहो, पण यंदाचं खरं आहे."

"ती गेली, म्हणून वाईट वाटतंय तुम्हाला. कळतं हो." ते थकल्यासारखे हसले. "आणखी किती वर्षं माझं मन राखणार?"

आणि ते कॉफी करायला आत गेले.

"तुमची शपथ, जयसिंगराव!" ताई दारापर्यंत गेल्या. "खरंच दिलं होतं!"

"हो, हो," आतून आवाज आला. "बसा. दमला असाल."