उत्तमरावांच्या दुकानातली अळी

राबिया जानेफळला कॉम्प्युटर क्लास चालवायची. बुलढाण्याच्या कॉलेजात शिकलेलं फिजिक्स काही तिच्या डोक्यातून गेलं नव्हतं. परदेशातल्या एका प्रयोगशाळेत अणूहून बारीक कण एकमेकांवर आदळवतात आणि त्या टकरींचं गणित जगभरच्या रिकाम्या कॉम्प्युटरांना थोडंथोडं वाटून देतात, हे कळल्यावर तिने क्लासची सहाही यंत्रं त्या कामाला लावली. मग डोणगावच्या उत्तमरावांना गळ घातली. त्यांच्या कृषी केंद्रातला कॉम्प्युटर बिघडला की तीच दुरुस्त करायची, त्यामुळे त्यांना नाही म्हणता आलं नाही.

कपाशीच्या बीटी बियाण्यासाठी रांग लागली त्या सकाळी काउंटरवरच्या पडद्यावर लाल रेघा वळवळायला लागल्या. रांगेत पहिले असलेल्या पंजाबरावांनी त्या नीट निरखल्या आणि मागच्यांना सांगितलं, की मशीनला पाकिटातली बोंडअळी दिसते. झालं. जो तो आपलं पाकीट पडद्यासमोर धरायला लावू लागला. उत्तमराव धरत होते, रेघा वळवळतच होत्या. त्यांनी फोन करून राबियाला मिळेल त्या एसटीने बोलावून घेतलं.

या रेघा म्हणजे कणांच्या वाटा, असं सांगत तिने प्रोटॉनपासून सुरुवात केली. कोणाला काही कळेना. शेवटी ती रांगेतल्या रुक्मिणीबाईंकडे वळली.

"मावशी, वेचणीले हरेक बाई आपली पात धरून तेवढ्याच ओळी वेचते का नाही? तसंच हाय हे. वावर लय मोठं, म्हणून पाती वाटल्या. त्यातली एक या मशीनले आली."

रुक्मिणीबाईंनी विचार केला. "अन् एखादीनं किडका, कवडी कापूस मिसळला तं?"

राबियाला आनंद झाला. क्लासात हा प्रश्न कोणीच विचारला नव्हता. "एकच पात दोघींले देतात. दोघींचं जुळलं तरच घेतात."

"मंग शायने लोक हायेत," रुक्मिणीबाई म्हणाल्या, आणि मागच्या बायांना त्यांनी ते राबियापेक्षा निम्म्या वेळात समजावलं.

पंजाबराव म्हणाले, कण दाखवा. तो डोळ्यांना दिसत नाही, असं राबियाने कबूल केलं.

"म्हंजे अजून अंड्यात हाय," ते म्हणाले आणि दुसऱ्या दुकानात गेले.

उत्तमरावांनी पडदा भिंतीकडे फिरवला. काम चालू राहिलं. बिल करताना मात्र त्यांना भिंत आणि टेबलाच्या मधे पोट आत घेऊन उभं राहावं लागे.

परतीच्या एसटीची वाट पाहणाऱ्या राबियाशेजारी रुक्मिणीबाई येऊन बसल्या. बाकीच्या पाती कोणाकडे आहेत, असं त्यांनी विचारलं. राबियाने ब्राझील, पोलंड, जपान अशी नावं सांगितली.

"इतक्या लांबच्या बाया," रुक्मिणीबाई म्हणाल्या. "त्यांच्याकडं पेरण्या झाल्या का?"